बिलेट सुटलं? आधी फोडून बघा

बिलेट म्हणजे वेगवेगळ्या स्टीलच्या पट्ट्या थरावर थर रचून, भट्टीत तापवून, ठोकून एकजीव केलेला ठोकळा, ज्यातनं आजकाल "दमास्कस" म्हणतात ती नक्षीची पाती होतात. त्यातला जोड उघडला, म्हणजे बिलेट सुटलं, की लोक दोनच गोष्टी करतात. एक तर अजून टाकणखार (बोरॅक्स, जोडातली खपली विरघळवणारा फ्लक्स) ओततात, नाहीतर गॅसचा कॉक अजून फिरवतात. आणि थोड्या वेळाने तेच बिलेट परत त्याच जागी तोंड वासून बसतं. मग मला व्हॉट्सॲपवर फोटो येतो, बाहेरून काढलेला, कडेला एक काळी रेघ दिसतेय आणि खाली "भाऊ हे का सुटतंय". अरे बाबा, बाहेरच्या रेघेवरून एवढंच कळतं की सुटलंय, ते तुला पण दिसतंयच की.

जोड का बसला नाही ते जोडाच्या आतल्या तोंडावर लिहिलेलं असतं, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यामुळं सुटलेलं बिलेट भंगारात टाकायच्या आधी, आणि परत तापवायच्या तर नक्कीच आधी, ते व्हाइसमधे धरा, रेघेत छिन्नी घाला, दोन दणके द्या आणि पूर्ण उघडा. उघडलेली दोन्ही तोंडं उन्हात धरून नीट बघा. जीव हळहळतो मान्य आहे, दिवसभर घासलेल्या पट्ट्या असतात, पण तसंही ते बिलेट गेलेलंच आहे, निदान जाताना काहीतरी सांगून जाऊ दे.

आता काय काय दिसतं ते सांगतो. ग्राइंडरचे ओरखडे जसेच्या तसे दिसत असतील आणि त्यावर फक्त पातळ करडी-काळी पापुद्री असेल तर पट्ट्या एकमेकींना भिडल्याच नाहीत. एकतर मधे फट होती, पट्टी वाकडी होती, नाहीतर आतपर्यंत उष्णता पोचलीच नाही, बाहेरून पिवळं आणि आतून नुसतं केशरी. इथं टाकणखाराचा काही संबंध नाही, पोतंभर ओतला असता तरी हेच झालं असतं.

दुसरा प्रकार, तोंडावर काळपट तपकिरी चकाकणारा थर, नखाने टोकरलं तर काचेचे तुकडे निघतात. ती खरोखरच काच आहे, टाकणखार आणि लोखंडाचा गंज (म्हणजे भट्टीत होतो तो काळा, पावसातला लाल नाही) एकमेकांत विरघळून झालेली. फ्लक्सने आपलं काम केलं पण त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. ही वाट हातोड्याने द्यायची असते. बऱ्याच वेळा असं दिसतं की कडा चारी बाजूंनी मस्त जुळल्यात आणि मधोमध काचेचं तळं. म्हणजे आधी कडा ठोकून दरवाजे बंद केले आणि आतला पाहुणा आतच राहिला.

याच्या उलट, मधे धातू धातूला घट्ट धरून फाटलाय, खरबरीत करडा दिसतोय, आणि कडेला मात्र चारी बाजूंनी काळी चौकट. हे बघून खुश व्हा! उष्णता बरोबर होती, साफसफाई बरोबर होती, फक्त कडा थंड पडल्या किंवा कडेने हवा आत शिरली. असं बिलेट छिन्नी घालायच्या आधीच ओळखता आलं तर कडा घासून टाका, आतलं वाचतं.

आणि एक वाईट प्रकार. तोंडावर मोठे मोठे चमकणारे दाणे, अंगठ्याने चोळलं तर भुगा पडतो. ते जळलेलं स्टील. भट्टीतून काढताना त्यातनं ठिणग्या उडत असणार, तुम्ही बघितल्या नसतील किंवा बघून "वा काय तापलंय" म्हणाला असाल. त्याचं परत काही होत नाही, कितीही ठोका. तेवढा भाग कापून टाकायचा, बास.

अजून एक बघायचं, कुठला थर सुटलाय. दर वेळी सगळ्यात खालचाच सुटत असेल तर ऐरण थंड आहे. एकच पट्टी दोन्ही अंगांनी सुटली असेल आणि बाकी सगळं जुळलं असेल तर ती पट्टीच घाणेरडी होती, किंवा ती तुम्ही समजताय ते स्टीलच नव्हतं.

बरं, एक गोष्ट मधेच सांगून टाकतो कारण त्यावरून गल्लत होते. आपण जे करतो, वेगवेगळ्या स्टीलच्या पट्ट्या थरावर थर ठेवून जोडायच्या, ते जुन्या काळच्या दमास्कस तलवारीतलं स्टील नव्हे. ते मुशीत वितळवून केलेलं पोलाद, आपल्या दक्षिणेकडं आणि पलीकडं तेलंगणात होत होतं, त्यातली नक्षी त्या पोलादात कार्बाइडचे (लोखंड आणि कार्बन मिळून झालेले) कण ओळीने बसल्यामुळं येते, त्यात जोडच नाही त्यामुळं सुटायचा प्रश्नच नाही. थरांच्या कामाची आत्ताची लाट १९७३ साली अमेरिकेत बिल मोरन या सुऱ्या घडवणाऱ्याने अशी पाती लोकांसमोर मांडली तिथून पसरली. थर जोडायची कला त्याच्याही खूप आधीची आहे, पण सध्या सगळे जे करतायत ती ही लाट. त्यामुळं "आपल्या पूर्वजांचं तंत्र" म्हणून दणादण व्हिडिओ टाकणाऱ्यांनी जरा थांबा.

तर स्टील. सोलापुरात काय मिळतं? अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं शेड आहे, आजूबाजूला लूमचे सुट्टे भाग करणारे, फॅब्रिकेशनवाले, त्यामुळं ईएन३१ सहज मिळतं, बेअरिंगचं स्टील आहे ते, १ टक्क्याच्या आसपास कार्बन आणि १ ते दीड टक्का क्रोमियम. भंगारात ट्रकचे पाटे पडलेले असतात. आणि आरा मशीनच्या पट्ट्या, त्यातल्या काही निकेलवाल्या निघतात, काही नाही. १५एन२० ज्याला म्हणतात त्यात साधारण २ टक्के निकेल असतं. ओळखायची सोपी पद्धत म्हणजे तुकडा साफ करून फेरिक क्लोराइडमधे बुडवायचा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्ड खरवडायला मिळतं तेच. शेजारी साध्या कार्बन स्टीलचा तुकडा बुडवा. साधं काळं पडतं, निकेलवालं पांढरट चमकत राहतं. पॅटर्न, म्हणजे पात्यावरची नक्षी, दिसतो तो याच फरकामुळं.

नवीन माणसाने ईएन३१ पासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, भले ते कितीही स्वस्त मिळो. क्रोमियमचा ऑक्साइड टाकणखाराला सहजासहजी दाद देत नाही. एकदा पृष्ठभागावर बसला की बसला. १०८४ (साधं, जास्त कार्बनचं स्टील) आणि १५एन२० ही जोडी मागवा, पैसे जास्त जातील पण दोन्ही जवळपास एकाच उष्णतेला जोडतात, एकाच तेलात कडक होतात, आणि डोक्याचा ताप निम्मा होतो. पाट्यांचं म्हणाल तर त्यात दोन भानगडी. काही पाट्यांत सिलिकॉन जास्त असतं, ते जोडायला हट्टी. आणि दुसरं, पाटा वर्षानुवर्षं खड्ड्यांतून उसळलेला असतो, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचा असेल तर विचारूच नका, त्यात डोळ्याला न दिसणारे तडे असतात. मग तुम्ही जोड शोधत बसता आणि फुटलेली असते पट्टीच.

साधं माइल्ड स्टील आणि ईएन३१ असे थर लावून "काळापांढरा पॅटर्न येईल" म्हणणारे पण भेटतात. येत नाही, म्हणजे फिकट येतो. जोडायच्या उष्णतेला कार्बन थांबत नसतो, पातळ थर असतील तर बघता बघता इकडून तिकडं जाऊन सगळीकडं सारखा होतो. रंगाचा फरक राहतो तो निकेल, क्रोमियम, मँगनीजचा, कारण ते जागचे फारसे हलत नाहीत. वरून पातं पण मऊ राहतं कारण ईएन३१ चा कार्बन माइल्डने खाल्लेला असतो.

आणि झिंक किंवा क्रोम चढवलेलं काहीही भट्टीत घालू नका. जीआय पट्टी, जीआय पाइप, क्रोम केलेला स्पॅनर, काही नाही. झिंकच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो, वेल्डिंगवाल्या कुणालाही विचारा.

साफसफाईबद्दल फार लांबण लावत नाही. काळी खपली पूर्ण काढायची, चकचकीत पॉलिश करायची गरज नाही, फ्लॅप डिस्कचे ओरखडे चालतात. सपाट मात्र पाहिजे. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून मागे मोबाइलचा टॉर्च लावायचा, उजेड आला की घासा. थिनरने पुसायचं आणि त्यानंतर हात लावायचा नाही. पुसायला कॉटनचा टॉवेल, आणि सोलापुरात राहून टॉवेल नाही म्हणू नका. घासल्यावर दोन दिवस तसंच ठेवून मग जोडायला घेतलं तर परत घासायला लागतं, विशेषतः पावसाळ्यात.

आता आग. इथं जरा वेळ घालवतो कारण ज्यांचा जोड "कधी बसतो कधी नाही" असं असतं त्यांचं घोडं बहुतेक इथंच अडलेलं असतं.

माझी भट्टी एलपीजीची, १९ किलोचं कमर्शियल सिलिंडर. आपला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, ब्युटेन शून्याच्या जवळपास. म्हणजे सिलिंडरमधनं प्रोपेन आधी जास्त निघून जातो आणि शेवटी शेवटी ब्युटेन जास्त राहतो, प्रेशर उतरतं. त्यात भट्टी जोरात ओढत असेल तर सिलिंडर स्वतःच गार होतं, बाहेरून दव धरतं, प्रेशर अजून उतरतं. गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) भरतो त्या जानेवारीत हे जास्त जाणवतं, मे महिन्यात नाही. तर भरलेल्या सिलिंडरवर सेट केलेली आग संपत आलेल्या सिलिंडरवर तशी राहत नाही. गॅस कमी, हवा तेवढीच, म्हणजे आगीत ऑक्सिजन उरतो आणि तो तुमच्या पट्ट्या खातो. सकाळी जोड बसले आणि संध्याकाळी सुटले तर पहिलं रेग्युलेटरकडं बघा. सिलिंडर कोमट पाण्याच्या टबात ठेवलं तर चालतं. जाळ कुठल्याही परिस्थितीत जवळ न्यायचा नाही, हे सांगायला लागू नये पण सांगतो.

आगीत ऑक्सिजन उरलाय का हे कळायला मशीन लागत नाही. बांबूची किंवा साध्या लाकडाची काडी घ्यायची आणि तापलेल्या भट्टीत सारायची. काडीने आतमधे ज्वाला धरली, भडकली, तर ऑक्सिजन आहे. काडी नुसती काळी पडत कोळसा होत गेली, तर आग बरोबर आहे. दुसरी खूण, भट्टीच्या तोंडातून थोडी ज्वाला बाहेर चाटत असली पाहिजे, कारण उरलेला गॅस बाहेरच्या हवेत येऊन जळतो. ही ज्वाला नाही म्हणजे हवा जास्त. आणि ही ज्वाला आहे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड पण आहे, त्यामुळं शेड दोन्ही बाजूंनी उघडं पाहिजे. बंद गाळ्यात शटर अर्धं ओढून हे काम करणारे लोक आहेत, त्यांना हात जोडून विनंती, करू नका, त्याला वास नसतो रंग नसतो आणि झोप आली म्हणून बसलेला माणूस उठत नाही.

कोळशाची भट्टी असेल तर दगडी कोळसा कच्चा असताना बिलेट आत घालायचं नाही, धूर संपून त्याचा कोक होऊ द्यायचा. वेड्या बाभळीचा लोणारी कोळसा तर उत्तमच, गंधकाची कटकट नाही, फक्त भराभर संपतो. ब्लोअरच्या तोंडाला लागून बिलेट ठेवू नका. हवा जिथनं येते तिथं ऑक्सिजन ताजा असतो, वर निखाऱ्याचा जाड थर पाहिजे आणि बिलेट त्या थराच्या वरच्या भागात. पोरं उष्णता जास्त मिळते म्हणून एकदम तोंडाशी नेऊन ठेवतात आणि मग खपल्यावर खपल्या.

रंगाचं काय? पुस्तकात फिकट पिवळा लिहिलेलं असतं, १२०० अंशांच्या वर थोडं. पण आपल्याकडच्या उन्हात, दुपारी बाराला, पत्र्याच्या शेडमधे, फिकट पिवळा पण केशरीच दिसतो. माणूस वाट बघतो, अजून तापू दे म्हणतो, आणि तोवर ईएन३१ ने ठिणग्या टाकलेल्या असतात. कार्बन जितका जास्त तितकं स्टील कमी उष्णतेला जळतं, हे लक्षात ठेवा. म्हणून जोडायचं काम संध्याकाळी करायचं, किंवा भट्टीभोवती तीन बाजूंनी पत्रे उभे करून अंधार करायचा. उन्हाळ्यात तर तसंही ४२-४३ अंशात दुपारी भट्टी पेटवणारा माणूस वेडाच म्हणायचा. शेजारचा लूमवाला मला तेलुगूत काहीतरी म्हणतो ते मी मुद्दाम विचारलेलं नाही.

आणि थांबायचं. बिलेटचा रंग भट्टीच्या भिंतीत मिसळून गेला, मधे गडद सावली राहिली नाही, की तिथून खरा वेळ मोजायला सुरू करायचा. जाड बिलेट असेल तर अजून काही मिनिटं, उलटसुलट करत. पृष्ठभाग तयार आणि गाभा कच्चा, हे मी वर पहिल्या तोंडाबद्दल सांगितलं ना, ओरखडे तसेच दिसतात ते, त्याचं कारण हेच.

टाकणखार. काष्ठौषधीच्या दुकानात खडे मिळतात. त्यात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं, तापला की फुगतो, लाह्या होऊन खाली पडतो, आणि तुम्हाला वाटतं आपण टाकलाय. म्हणून आधी जुन्या कढईत भाजून पाणी उडवायचं, फुगून कोरडा झाला की कुटून हवाबंद डब्यात. कढई आईची नको. साधारण ७४३ अंशाला तो वितळतो, म्हणजे बिलेट लाल झालं की टाकायचा, तेव्हा तो गरम तुपासारखा पसरून फटीत शिरला पाहिजे. त्यासाठी बिलेट आडवं नाही, कडेवर उभं करायचं, म्हणजे फटी वर येतात आणि टाकणखार आत उतरतो, मग उलटं करून दुसऱ्या बाजूने. खपली आधीच जाड झाली असेल तर तारेच्या ब्रशने झाडा आणि मग टाका. ढीग घालून फायदा नाही, जास्तीचा भट्टीच्या तळाला जातो आणि सिरॅमिक वूल अक्षरशः खाऊन टाकतो. तळाला एक बदलता येणारी फरशी ठेवा, फायर ब्रिकची चालेल, महिन्याला खराब होऊ दे.

कॅरमची पावडर चालते का, असं एकाने विचारलं होतं. हसण्यावारी नेऊ नका, ती बहुतेक बोरिक ॲसिडच असते आणि टाकणखारात थोडं बोरिक ॲसिड मिसळणारे लोक जगभर आहेत. पण सुगंधी टाल्कम निघाली तर माझ्याकडं येऊ नका.

फ्लक्स न वापरता पण होतं, आणि मी आता बऱ्याचदा तसंच करतो. सगळ्या फटींवर वेल्डिंगची अखंड रेघ मारून टाकायची, हवेला रस्ताच नाही. आपल्या फॅब्रिकेशनवाल्यांना हा प्रकार लगेच जमतो. दुसरी पद्धत म्हणजे फटी पूर्ण बंद न करता, फक्त टोकं टाचून, बिलेट डिझेलमधे बुडवून भट्टीत घालायचं, डिझेल जळताना फटीतला ऑक्सिजन खातं. या दोन पद्धती एकत्र करायच्या नाहीत!! आत डिझेल आणि चारी बाजूंनी बंद, म्हणजे तो बॉम्ब झाला. आणि वेल्डिंगची रेघ नंतर घासून काढायची, नाहीतर रॉडचं मऊ लोखंड पॅटर्नमधे पांढऱ्या डागासारखं येतं आणि मग नेमकं धारेवर येतं.

ठोकण्याबद्दल मात्र पुस्तकापेक्षा होटगी रोडला पाल टाकून बसणाऱ्या घिसाड्यांकडं बघा. कुऱ्हाडीच्या तोंडात पोलादाचा तुकडा बसवताना मी एका मामांना बघितलंय. नवरा सांडशीने धरून फिरवतोय, बायको उभी राहून घण मारतेय, पदर खोचलेला. कुऱ्हाड आगीतनं निघते ती सरळ ऐरणीवर, इकडं तिकडं बघणं नाही, हत्यार शोधणं नाही, सगळं आधीच हाताशी मांडलेलं. आणि पहिले घाव, मला वाटलं होतं जोरात असतील, ते एकदम हलके, भराभर, मागच्या बाजूने पुढं सरकत जाणारे, प्रत्येक घाव आधीच्यावर थोडा चढलेला. नवरा छोट्या हातोडीने जागा दाखवतो आणि घण तिथंच पडतो. चिकटलं म्हटल्यावर मग दुसऱ्या तावात, म्हणजे परत तापवून ठोकताना, जोर. मी विचारलं, "मामा, टाकणखार?" तर म्हणाले, "कशाला, वाळू टाकतो की. लोखंडाला पाणी सुटलं की उचलायचं."

वाळूचं गणित असं की वाळू आणि लोखंडाचा ऑक्साइड मिळून १२०० अंशांच्या आसपास वितळणारी मळी होते. मऊ लोखंड तेवढी उष्णता आरामात सोसतं, आणि मामांचं काम मऊ लोखंडावर बारीक पोलाद चढवायचं. तुमचं बिलेट सगळंच जास्त कार्बनचं आहे, तिथं वाळू कामाला येईपर्यंत तुम्ही जळायच्या फार जवळ गेलेले असता, म्हणून आपल्याला टाकणखार. पण "पाणी सुटलं" ही खूण दोन्हीकडं तीच. पृष्ठभाग ओला दिसतो, हलतो.

तर पहिला घाव हलका. जोरात मारला की पट्ट्या सरकतात, उसळतात, आणि एकदा उघडलेल्या फटीत हवा गेली की संपलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडं, किंवा मधून दोन्हीकडं, पण कडांपासून आत कधीच नाही. पहिल्या घावाला वितळलेला टाकणखार पिचकारी मारतो, चष्मा आणि सुती कपडे पाहिजेतच, टेरिकॉटची पँट पायाला चिकटते. ऐरण गरम करून घ्या, एक लोखंडाचा तुकडा लाल करून तिच्यावर दोन-तीनदा ठेवला तरी बास, नाहीतर खालचा थर ऐरणीला टेकताक्षणी गार. हायड्रॉलिक प्रेस असेल तर हे दुप्पट लागू, प्रेसचे डाय दोन्हीकडून उष्णता ओढतात आणि प्रेसवाल्यांना दाबून धरायची सवय असते.

पहिला ताव झाला की लोक कौतुकाने बिलेट कडेवर उभं करून ठोकायला जातात, चौकोनी करायला. अजिबात नाही. दुसरा ताव, तिसरा ताव, सगळे जोडायच्याच उष्णतेला, सगळे सपाट बाजूने. मग कडेवर. आणि कडेवर असताना रंग केशरीवर उतरला की थांबा, परत भट्टीत.

त्यानंतर बिलेट राखेत पुरायचं, सावकाश गार होऊ दे. ईएन३१ वाऱ्यावर पण थोडंफार कडक होतं आणि तडकतं, पाण्यात तर विचारच नको. गार झालं की एक कड घासून चकचकीत करा. इथं एमआयडीसीतल्यांना एक फायदा आहे, टाक्या बनवणाऱ्या कुठल्याही वर्कशॉपमधे डाय पेनिट्रंटचं किट असतं, लाल रंग मारायचा, थांबायचं, पुसायचं, वर पांढरा स्प्रे. जोड उघडा असेल तर लाल रेघ उमटते, लपूच शकत नाही. किट नसेल तर थिनर फासून कोरडं पुसा आणि बघत बसा, जिथं फट आहे तिथनं ओल परत बाहेर येते. फेरिक क्लोराइडमधे टाकल्यावर जोडावर कधी कधी पांढरट बारीक रेघ दिसते, तिला घाबरू नका, तिथला कार्बन थोडा उडालाय एवढंच, तो तडा नाही. तडा काळाच असतो.

बारीक तडा दिसला तर टाकणखार टाकून परत जोडून बघू का, असं सगळे विचारतात. कडेपासून जरासा आत असेल तर घासून काढा. खोल असेल तर आत खपली बसलेली आहे आणि तिथपर्यंत फ्लक्स पोचत नाही, वरून शिवल्यासारखं दिसेल आणि आत तसंच राहील. कापा. दोन्ही टोकं तर न बघताच कापायची, तिथं थर ओठांसारखे उघडे असतात. थर वाढवायला घडी घालण्यापेक्षा मी कापून, घासून, परत रचतो, ७ चे २८, २८ चे ११२, कारण घडीत आतल्या बाजूची खपली काढायला ग्राइंडर जात नाही.

पीळ देणार असाल तर तोच तुमचा परीक्षक. कच्चा जोड पीळ सोसत नाही, पहिल्या दोन फेऱ्यांत उघडतो. पिवळ्या रंगावर, सगळीकडं सारखं तापलेलं असताना द्या, अर्धं गार असताना दिला तर चांगला जोड पण फाटेल आणि दोष जोडावर जाईल.

शेवटचं म्हणजे तयार पात्यात निघालेला तडा. आपल्याकडं पाणी पाजायचं म्हटलं की लोक खरंच पाण्यात बुडवतात, या स्टील्सना कोमट तेल पाहिजे, ५०-६० अंशाचं. तडा निघालाच तर तिथंच पातं मोडा आणि तड्याच्या आतला रंग बघा. आत काळी खपली असेल तर तडा ठोकतानाचाच आहे, जोड कच्चा होता. आत फिकट पिवळा किंवा निळा रंग चढला असेल तर तेलात बुडवताना तडकलंय आणि मग टेम्परिंगच्या (कडक झालेलं पातं परत हलकं तापवायच्या) वेळी ओव्हनमधे त्या उघड्या तोंडावर रंग चढलाय, म्हणजे जोडाचा दोष नाही, तुमची उष्णता जास्त झाली किंवा तेल चुकीचं होतं. आणि आत एकदम ताजा करडा धातू दिसला तर टेम्परिंगनंतरचं काम आहे, फार करून ग्राइंडरवर धार काढताना पातं निळं होईस्तोवर तापवलेलं असणार, तेव्हा बिलेट सोडा आणि ग्राइंडरचा गुळगुळीत झालेला बेल्ट बदला.